बियाण्याचं न्हाण

मी सूड घेतला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला गरीब बिचारी समजायला नको. सूड घेताना माझा हात थरथरला नाही. त्या वेळी माझ्या हातात चहाचा कप होता आणि तो मी आवाज न करता बशीत ठेवला, इतकी मी शांत होते.

ज्या एका वाक्यासाठी घेतला ते वाक्य असं होतं: "हिच्या ओटीत बी कुजतं."

बोलल्या माझ्या थोरल्या जाऊबाई. ऐकायला घरची, शेजारची, शेतावरची मिळून तीसेक माणसं होती.

सासरचं घर झाशीत, खंडेराव गेटच्या आतलं. कोणे एके काळी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेली माणसं, ती इथेच राहिली. माझे वडील भुसावळचे, रेल्वेत, बदली होऊन झाशीला आलेले. त्यामुळे सासरी मी पहिल्या दिवसापासून 'रेल्वेवाल्यांची लेक'. म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड, ना घर ना शिवार. माझा नवराही रेल्वेतच गार्ड होता, पण तो त्यांचा स्वतःचा असल्यामुळे त्याची नोकरी मानाची आणि माझ्या वडिलांची फिरस्त्याची. घरातली मराठीही जुनी, हिंदीत मुरलेली. जाऊबाई एका वाक्यात 'अगंबाई' आणि 'अरे भैया' दोन्ही म्हणत आणि माझ्या भुसावळी बोलण्याला हसत.

चिरगाँवच्या रस्त्यावर त्यांची शेती होती. दिवाळी झाली की तिथे घेवडा पेरायचा, बाजारात ज्याला बीन्स म्हणतात तो. पेरणीच्या आदल्या दुपारी घरात बियाण्याचं न्हाण व्हायचं. तांब्याचं मोठं घंगाळ चिंचेने लखलखीत घासायचं, त्यात कोमट पाणी, हळद, गुळाचा खडा, आणि त्यात मूठ मूठ बी सोडायचं. नवरीला न्हाऊ घालतात तसं, जाऊबाई हाताने ते बी हलवायच्या. सकाळी ते निथळून, सावलीत सुकवून, पहिली मूठ घरातल्या सुनेच्या ओटीत घालायची. तिने ती बांधावर उभं राहून जमिनीत टाकायची आणि मग बाकीची पेरणी. हा रिवाज मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिला नाही. मला तो फार आवडायचा, हे सांगायला आता लाज वाटते.

लग्नाला चार वर्षं झाली होती. माझी दोन मुलं पोटातच गेली होती, दुसरं त्याच पावसाळ्यात. त्या वर्षी पेरणीला दोघी सुना बांधावर उभ्या राहिलो. मामंजींनी जाऊबाईंच्या ओटीत मूठ घातली आणि दुसरी माझ्या पदरात घातली. जाऊबाई पुढे आल्या, माझ्या पदरातलं बी त्यांनी मुठीने परत काढून घेतलं, अगदी कोपऱ्यात अडकलेला एक दाणासुद्धा बोटाने उचलला, आणि ते वाक्य बोलल्या. आवाज चढवला नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाल्या. मामंजी आभाळाकडे बघत राहिले. माझे हे ड्युटीवर होते.

मी पदर झटकला आणि खोचला. त्याच क्षणी ठरवलं, हे वाक्य या बाईला एक दिवस तीस माणसांच्या देखत परत घ्यायला लावीन. मला दुसरं काही नको होतं. तिचे दागिने नकोत, घर नको, तिचा मुलगाही नको. ते वाक्य परत हवं होतं.

पुढची बावीस वर्षं मी ते अंगावर वागवलं. बारशाला मला मागे बसवत. डोहाळजेवणाला बोलावत, पण ओटी भरायला पुढे करत नसत. कुणी काही बोलत नसे, कारण बोलून झालेलं होतं. मला मूल झालं नाही.

मामंजी गेल्यावर शेताची वाटणी झाली. विहिरीजवळची लाल, भुसभुशीत जमीन थोरल्यांकडे आणि नाल्याकाठचा काळा चिकट तुकडा आमच्याकडे. त्या तुकड्यात घेवडा जगत नसे, हे सगळ्या घराला माहीत होतं. उगवायचा छान, चार पानांवर यायचा आणि मग बुडाशी तांबूस चट्टा पडून मान टाकायचा. उपटला तर मूळ कुजलेल्या सुतासारखं हातात यायचं. शेतावरचे म्हातारे कक्का, जे दोन्हीकडची जमीन कसत, त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, जौ टुकड़ा तो खा जात है. जा में कछू नईं होत."

मी जाऊबाईंना विचारलं, हा तुकडा आम्हालाच का. त्या म्हणाल्या, "अगं, तुम्हाला कुणासाठी पिकवायचंय? घास उगवा, गाय पाळा."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या दिवशी मला राग कमी आणि आनंद जास्त झाला. कारण रस्ता दिसला. कुजणारी ओटी आणि कुजवणारी जमीन, दोन्ही माझ्याच वाट्याला आल्या होत्या. त्या जमिनीत मी घेवडा उभा करीन आणि तोच तिच्या ओटीत घालीन, मग बघू वाक्य कसं घशाखाली जातं ते.

आता हे करायचं कसं, ते मला ठाऊक नव्हतं. ते सांगणारा माणूस आमच्या ह्यांना गाडीत भेटला. मूळचे विदर्भातले, मातीतल्या रोगांवर काम करणारे शास्त्रज्ञ, नुकतेच झाशीला बदलून आलेले आणि मराठी जेवणासाठी आसुसलेले. ह्यांनी त्यांना सरळ आमच्या रेल्वे क्वार्टरवर आणलं; त्या पेरणीनंतर आम्ही तिथेच राहत होतो. मी पिठलं-भाकरी केली. त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. कॉलनीत त्यांना सगळे 'मातीचे डॉक्टर' म्हणत, मीही म्हणे.

मी त्यांच्यापुढे एक कुजलेलं रोप ठेवलं, पिठल्याच्या ताटाशेजारीच. त्यांनी जेवण थांबवून ते उलटसुलट पाहिलं.

"मूळकूज. मातीतली बुरशी आहे ही. औषध ओतून जमीन किती धुणार तुम्ही? त्यापेक्षा मुळाला सोबत द्या."

"कुणाची?"

"जंतूंची. चांगल्या जंतूंची. हेही मातीतलेच असतात. बियाण्याला चोळून पेरले की मूळ फुटताच त्याच्याभोवती जाऊन बसतात. मुळातून जे गोड पाझरतं ते खातात, बुरशीला तिथे टेकायला जागा ठेवत नाहीत. वर तिला सोसणार नाही असं काहीबाही सोडतातही."

"म्हणजे जनरल डब्यात खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं."

डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगदी तसं. पण रुमाल आधी पडला पाहिजे. बुरशी बसल्यावर हे गेले तर उभ्याने प्रवास."

ती भुकटी त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत, दूर दक्षिणेत तयार व्हायची. पांढरी, टाल्कम पावडरसारखी. तिच्यात जिवंत जंतू असल्यामुळे ऊन चालत नाही, पार्सलच्या डब्यात तापली तर सगळे मरणार. मग आमच्या ह्यांनी गार्ड लोकांची साखळी लावली. नागपूरच्या गार्डाने पुडकी आपल्या डब्यात घ्यायची, इटारसीला दुसऱ्याच्या हाती द्यायची, आणि भोपाळपासून झाशीपर्यंत तिसरे हे स्वतः. प्रत्येकाने ओलं गोणपाट गुंडाळलेलं ते बोचकं सावलीत ठेवायचं आणि मोठ्या स्टेशनावर गोणपाट पुन्हा भिजवायचं. इटारसीच्या एकाने विचारलं म्हणे, "भाईसाहब, इसमें है क्या?" हे म्हणाले, "जिंदा माल है. मेरी घरवाली का." तो बिचारा बोचक्यापासून चार हात लांब बसला.

बोचकं घरी आलं तेव्हा मी त्याला माठाशेजारी वाळूत ठेवलं आणि रोज हात लावून बघायची. गार आहे ना. इतक्या वर्षांत मी कशाची इतकी काळजी घेतली नव्हती.

आणि मग मी घोडचूक केली.

मला नुसता घेवडा नको होता. मला सगळंच हवं होतं, न्हाण, ओटी, पहिली मूठ. आपल्या घरचं ते आपल्यालाही करता यावं, इतकं साधं. म्हणून मी जाऊबाईंकडे घंगाळ मागायला गेले. त्यांनी ते दिलं. देताना म्हणाल्या, "ने, पण चेपू नकोस हं. पिढ्यांचं आहे." मी ते चिंचेने घासलं, इतकं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. दुपारी त्यात गुळाचं पाणी केलं, डॉक्टरांची भुकटी कालवली, बी सोडलं, आणि सकाळपर्यंत झाकून ठेवलं. सकाळी मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या ओटीत मूठ घातली. कक्का बघत होते. ते हळूच म्हणाले, "हओ बाई, भौत अच्छो."

चार पानांवर आलं आणि गेलं. ओळीच्या ओळी. मी रोज सकाळच्या पॅसेंजरने जायची आणि मेलेली रोपं उपटून बांधावर टाकायची.

हात दाखवून अवलक्षण. घंगाळ परत द्यायला गेले तर जाऊबाईंकडे चार बायका बसलेल्या. त्यांनी घंगाळ उलटं करून चेपलंय का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मी तर तेव्हाच सांगितलं होतं, नाही का?" बायका माझ्याकडे बघेनात. मी घरी आले आणि दात ओठ खात धुणं धुतलं. नवऱ्याच्या गणवेशाची कॉलर फाटली.

रविवारी डॉक्टर आले. मी त्यांना सरळ म्हणाले, तुमचे जंतू काही कामाचे नाहीत. ते वाईट वाटून घेणाऱ्यातले नव्हते. एकेक विचारत गेले. सावलीत ठेवलं होतं? होय. गूळ गार झाल्यावर भुकटी घातली? होय. कशात कालवलंत?

"तांब्याच्या घंगाळात. चांगलं घासून."

डॉक्टरांनी घास खाली ठेवला. "पाणी आपण तांब्यात का ठेवतो?"

"शुद्ध राहतं म्हणून."

"शुद्ध राहतं म्हणजे काय होतं हो? त्यातले जंतू मरतात. बागेत मोरचूद फवारतात, ते काय असतं? तांबंच. तीन गार्डांच्या हातून सांभाळून आणलेले माझे जंतू तुम्ही घासलेल्या तांब्यात, गुळाच्या पाण्यात, बारा-पंधरा तास ठेवलेत. एकही जगला नसेल."

मी हसले. मग मला रडू आलं आणि मग पुन्हा हसू आलं. माझ्या ओटीत काही कुजलं नव्हतं. घंगाळात मेलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. आधी मूर्खपणाच्या लाजेने सांगितलं नाही. नंतर कशाने, ते पुढे येईल.

दुसऱ्या वर्षी साखळी पुन्हा लागली. या वेळी मी प्लास्टिकच्या टबात कालवलं, ज्यात एरवी ह्यांचे मोजे भिजत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नाल्याकडे पाणी निघून जाईल असे उंच वाफे केले. हळद नाही, न्हाण नाही. बियाण्यावर पांढरा हात बसेल इतपत लेप, सावलीत तासभर, आणि जमिनीत. ओटीत मात्र घातलं. ते मी सोडणार नव्हते.

चार पानं आली. आठ आली. मी रोप उपटून पाहिलं, मूळ पांढरं होतं, बारीक केसाळ. कक्का कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बाई, का जादू कर दओ?" सगळीच रोपं जगली असं नाही, नाल्याच्या अगदी कडेची ओळ गेली. पण जानेवारीच्या थंडीत त्या काळ्या चिकट तुकड्यावर घेवड्याच्या शेंगा लोंबत होत्या आणि मी बांधावर एकटी उभी राहून मोठ्याने हसत होते.

संक्रांतीला खंडेराव गेटच्या घरी हळदीकुंकू असे. कुणी वाण म्हणून कंगवे लुटतं, कुणी वाट्या. मी दोन टोपल्या घेवडा नेला. बसलेल्या प्रत्येक बाईच्या ओटीत ओंजळभर घातला आणि प्रत्येकीला सांगितलं, "नाल्याकाठचा आहे." मग जाऊबाईंपुढे गेले. मी ओंजळ पुढे केली. त्यांना पदर पसरावाच लागला. संक्रांतीचं वाण नाकारता येत नाही.

मी थांबले. आता बोला, असं माझ्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असणार.

त्या शेंगा चाचपत म्हणाल्या, "कोवळ्या आहेत हो. पण औषधाने काय, दगडालाही पालवी फुटेल."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. मी घरी आले आणि उरलेला घेवडा रागाने शेजारच्या बकरीला घातला.

तिसऱ्या वर्षी देवाने, किंवा कक्कांच्या नांगराने, माझं काम केलं. दोन्ही शेतांत तोच नांगर चाले. फाळाला चिकटून माझ्याकडची माती विहिरीकडे गेली असणार, तिच्याबरोबर बुरशी. आधीच्या मोसमातच जाऊबाईंच्या शेतात एका कोपऱ्यातला घेवडा कुजला होता, तो त्यांनी कुणाला कळू दिला नाही. दिवाळीनंतर त्या माझ्या क्वार्टरवर आल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रेल्वेचं घर म्हणजे छान असतं गं, पानी चौबीस घंटे."

मी चहा टाकला. त्यांना भुकटी हवी होती. त्यांच्या मुलाचं वैशाखात लग्न झालं होतं. सून कानपूरकडची, मराठीच, पण हिंदीत वाढलेली. तिची ही पहिली पेरणी. "पहिलीच ओटी आहे पोरीची. पीक चांगलं आलं पाहिजे बघ. लोकं शगुन बघतात."

मी वाळूतलं एक पुडकं काढून दिलं. आणि सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. उन्हात ठेवू नका. गूळ पूर्ण गार होऊ द्या. बी सावलीतच सुकवा. रासायनिक औषध लावलेलं बी घेऊ नका. जाऊबाई मान डोलवत होत्या.

"हो, हो. घंगाळ काढूनच ठेवलंय. काल चिंचेने घासलं सुनेने."

तेव्हा माझ्या हातात तो कप होता.

वाक्य जिभेवर आलं होतं. फार लहान वाक्य होतं, घंगाळात नको, बादलीत करा. पण मला बांधावरची ती मूठ दिसली, पदराच्या कोपऱ्यातून बोटाने उचललेला तो एक दाणा. मी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "छान केलंत. रिवाज सोडू नये."

त्या गेल्यावर मी आरशात पाहिलं. चेहरा चांगला दिसत होता.

पेरणीला मी मुद्दाम गेले. सून बांधावर उभी होती, साडी सावरत, मेंदी केव्हाच उतरलेली. पदराची ओटी कशी धरायची ते तिला जमत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, "काकू, थोडा पकडेंगी?" मी तिच्या पदराची दोन्ही टोकं तिच्या मुठीत नीट बसवून दिली. ती कानाशी येऊन म्हणाली, "मुझसे हो जाएगा ना? मम्मीजी सुबह से बोल रही हैं, शगुन है, शगुन है. मला भीती वाटते." मराठीतलं तेवढंच वाक्य ती बोलली.

मी म्हणाले, "होईल गं. का नाही होणार?"

मी तिच्या तोंडावर खोटं बोलले आणि मला काही वाटलं नाही, कारण ती मला दिसतच नव्हती. तिच्या मागे उभ्या असलेल्या जाऊबाई दिसत होत्या.

महिन्याभरात विहिरीकडच्या शेतात रोपांनी माना टाकल्या. माझ्याकडे हिरवं, त्यांच्याकडे पिवळं, मधे एक बांध. मी रोज जाऊन बघायची. खोटं कशाला बोलू, मला रोज आनंद व्हायचा. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. मी मनात मांडे खात होते, संक्रांतीला त्या काय म्हणतील, मी काय म्हणेन, त्यांचा चेहरा कसा पडेल.

संक्रांत आली. तीच खोली, त्याच बायका. सून पाहुण्यांना तिळगूळ देत फिरत होती. शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "क्यों भाभीजी, इस बार बीन्स नहीं आईं आपकी?"

जाऊबाईंनी सुस्कारा सोडला. आवाज चढवला नाही.

"येणार कशी? ओटीतच बी कुजलं. या घरात एकीची ओटी तशी होतीच. आता दुसरी आली."

सून माझ्यापुढेच होती. तिळगुळाचं ताट धरलेलं. तिला मराठी नीट बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. ताटातली एक वडी घरंगळून खाली पडली, ती उचलायला ती वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात. मी जातं फिरवलं होतं आणि त्यात गहू तसेच राहून पोर रगडली गेली होती. त्या वाक्याचं वजन मला ठाऊक होतं. बारशाला मागे बसणं म्हणजे काय, हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आणि हिचं तर सगळं आयुष्य पुढे होतं.

मी उभी राहिले.

"ओटीत नाही कुजलं. तुमच्या घंगाळात मेलं. तांब्यात ते जंतू जगत नाहीत. माझंही पहिल्या वर्षी तसंच मेलं होतं. तुम्ही चहा प्यायला आलात तेव्हा मला हे माहीत होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. हिच्या ओटीत काही कुजलं नाही. माझ्याही नाही. माझी दोन गेली ती कशाने गेली, ते दवाखान्यातल्या डॉक्टरलासुद्धा सांगता आलं नव्हतं. तुम्हाला बरं कळलं!"

खोलीत तीस नसतील, पण वीस माणसं होती. शेवटी मी ते बोलले होते, सगळ्यांच्या देखत. आता तरी ती बाई वाक्य परत घेईल, असं मला खरोखर वाटलं.

जाऊबाईंनी हातातली तिळाची वडी ताटलीत ठेवली. मग सावकाश म्हणाल्या, "मग मी खोटं काय बोलले होते? तुझा हात लागला आणि कुजलं."

बावीस वर्षं मी ते वाक्य खोटं ठरवायला धडपडले आणि शेवटी माझ्याच हाताने खरं करून ठेवलं. मी पदर सावरला आणि निघाले.

चपला घालत होते तेव्हा सून मागून दाराशी आली. मला वाटलं, आभार मानेल. निदान तिच्यावरचं ते वाक्य तरी मी उतरवलं होतं ना.

ती म्हणाली, "काकू, खेत में मैंने पूछा था ना आपसे?"

"हो."

"तेव्हा पण माहीत होतं?"

"हो."

तिने मान हलवली, कळलं म्हणून, आणि आत गेली.

जाऊबाई आता नाहीत. मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांनी मरेपर्यंत ते वाक्य परत घेतलं नाही. त्यांच्या शेतातला पिवळा पडलेला घेवडा आठवला की मला अजूनही बरं वाटतं. मी काही संत नाही. विहिरीकडचं शेत आता सून बघते. डॉक्टरांकडून भुकटी तीच मागवते, बादलीत कालवते, पीक माझ्यापेक्षा चांगलं काढते. तिला दोन मुलं आहेत. त्यांच्या बारशांना तिने मला बोलावलं होतं आणि पुढे बसवलं होतं, रीत म्हणून.

घेवड्याचा पहिला तोडा झाला की मी एक टोपली भरून कक्कांच्या नातीबरोबर तिच्याकडे पाठवते. दर वर्षी. ती टोपली घेते, त्यावर झाकलेलं फडकं धुऊन, घडी करून परत ठेवते आणि टोपली माझ्याकडे परत पाठवते. शेंगा मोजून पाहिलेल्या नाहीत मी, पण एकही कमी झालेली नसते.